तातेयामाच्या टूरमध्ये रायचो कसा पाहावा

जपानला निघालेलं कुणी भेटलं की माझा पहिला प्रश्न असतो, तातेयामा डोंगरावरच्या मुरोडोला किती वेळ थांबणार? सगळे तिथल्या रस्त्याकडेच्या उंच बर्फाच्या भिंतीपाशी फोटो काढण्यात गुंततात आणि तिथून थोडं चालून गेल्यावर दिसू शकणारा रायचो पक्षी राहून जातो. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या टार्मिगन या कोंबडीसारख्या पक्ष्याचा हा जपानी भाऊबंद. हिमयुग ओसरलं तेव्हा तो उंच डोंगरमाथ्यांवर तेवढा टिकून राहिला. लांबी साधारण ३७ सेंटिमीटर, अंगाने गोल, चालीने संथ. जपानने १९५५ साली त्याला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला.

तयारी ठाण्यातच करा. मी दोन महिने दर रविवारी उजाडताना येऊरला जायचे, चकोत्री या रानकोंबडीसारख्या पक्ष्यासाठी. पहिले तीन रविवार नुसता पाचोळा वाजत राहिला. आपण चालत राहिलो की ती झुडपात शिरते. गप्प उभं राहिलं की थोड्या वेळाने पुन्हा उकरायला लागते. जमिनीवरचा पक्षी पाहायचा म्हणजे पाय थांबवायचे, हे तिथे अंगात मुरलं.

मुरोडो २४५० मीटरवर आहे. जूनमध्येही स्वेटर आणि वाऱ्याचं जाकीट हवंच. बसमधून उतरलात की मिकुरिगाइके तळ्याची वाट धरा. तिथे जमिनीलगत पसरलेली बुटक्या पाइनची झुडपं दिसतील, त्यांना हाइमात्सु म्हणतात. रायचो त्यांच्या आडोशाला असतो आणि कडेच्या मोकळ्या जागेत कोंब, पानं, फळं टिपतो. म्हणून दुर्बीण झुडपांच्या आत नको, कडेकडेने फिरवा.

रंग महिन्यावर ठरतो. एप्रिलच्या अखेरीस तो बराचसा पांढराच असतो. जूनपर्यंत नराची पाठ काळपट होते, पोट पांढरंच राहतं. मादी पिवळसर तपकिरी, ठिपक्या-रेघांची. दगडांत ती बसली की समोर असून दिसत नाही. नराच्या डोळ्यावरची लाल भुवई ही सगळ्यात पक्की खूण. आणि पाय जरूर पाहा: बोटांपर्यंत पिसं, जणू लोकरीचे मोजे.

धुकं आलं की लोक हिरमुसतात. तुम्ही तेव्हाच थांबा. ससाणे-गरुडांना धुक्यात नीट दिसत नाही, म्हणून रायचो निर्धास्त बाहेर येतो. त्याच्या नावाचा अर्थच मुळी गडगडाटाचा पक्षी. आमच्या टूरने दीड तास दिला होता. तासभर गेला, धुकं दाटलं आणि बेडकासारखा घोगरा आवाज आला. खडकावर नर उभा होता, खाली मादी भराभरा चरत होती. ती चरून होईपर्यंत तो पहाऱ्यावरून हलला नाही. मला रडूच आलं.

या डोंगरांना तिथे देवाचं ठाणं मानत आले, पूर्वीपासून पक्ष्याला त्रास दिला नाही, त्यामुळे तो माणसाला फारसा बुजत नाही. म्हणून जवळ जायचा मोह होतो. वाटेकडेच्या दोरीपलीकडे पाऊल टाकू नका, खायला काही टाकू नका.

जुलैत जाणार असाल तर पिल्लंही दिसू शकतील. अंड्यातून निघाल्यावर ती लवकरच स्वतः टिपायला लागतात, पण अंगात ऊब धरून ठेवता येत नाही. म्हणून आई मध्येच बसते आणि सगळी तिच्या पोटाखाली शिरतात. ती वाटेवरच बसली तर तुम्हीही थांबा. ती उठून पिल्लांसकट झुडपात गेली, की मग पुढे निघा.