दोन देशांच्या प्लायवूड आयातीची तुलना करताय? या चुका टाळा

मागच्या महिन्यात मी जपान आणि अमेरिकेच्या प्लायवूड आयातीचा २०१० पासूनचा ग्राफ काढत होतो, आणि २०१७ ला आलो तर एक रेघ धाडकन शून्यावर. दोन तास एक्सेल तपासत बसलो, फॉर्म्युला बरोबर होता. चूक कोडची होती. एचएस कोडमध्ये (आयात-निर्यातीचा माल ओळखायचा आंतरराष्ट्रीय नंबर, ४४१२ म्हणजे प्लायवूड वगैरे) २०१७ ला बदल झाला, ४४१२.३२ हा सबकोड काढून टाकला आणि त्यातला माल ४४१२.३३ आणि ४४१२.३४ मध्ये गेला, म्हणजे प्लाय येतच होतं फक्त दुसऱ्या नावाखाली. २०२२ ला परत बदल, तेव्हा एलव्हीएलला (पातळ थर चिकटवून केलेलं, तुळईसारखं वापरायचं लाकूड) वेगळे कोड मिळाले आणि ब्लॉकबोर्डचे (मध्ये लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड) कोड बदलले. म्हणून आधी ४४१२.३१ ते ४४१२.३९ अशी सगळ्यांची बेरीज करा आणि मगच रेघ ओढा.

दुसरी आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे युनिट. अमेरिकेत इंडस्ट्रीचे आकडे बरेचदा हजार स्क्वेअर फुटात असतात आणि तेही ३/८ इंच जाडी धरून, आणि बाकी जग क्यूबिक मीटरमध्ये बोलतं. आपली नेहमीची ८ बाय ४ ची १८ एमएम शीट घ्या, सुताराच्या हिशोबात ती ३२ स्क्वेअर फूट, पण ३/८ बेसिसवर तीच साधारण ६० होते, आणि क्यूबिक मीटरमध्ये ०.०५३६. ३/८ बेसिसचे हजार स्क्वेअर फूट म्हणजे सुमारे ०.८८५ क्यूबिक मीटर. जाडी न बघता नुसतं स्क्वेअर फुटाचं स्क्वेअर मीटर केलंत तर पुढची सगळी तुलना वाया.

किमतीवरून प्रमाण ठरवू नका. २०२१ ला लाकडाचे भाव सगळीकडे भडकले, जपानमध्ये तर त्याला ‘वूड शॉक’ असंच नाव पडलं, आणि २०२२ ला येन इतका पडला की ऑक्टोबरमध्ये डॉलर १५० येनच्या वर गेला. येनमधला आकडा वाढला म्हणजे प्लाय जास्त आलं असं नाही हो!

चीनकडून अमेरिकेत येणारं हार्डवूड प्लाय घटलं, कारण जानेवारी २०१८ पासून त्यावर अँटी-डंपिंग ड्युटी (फार स्वस्तात विकलेल्या परदेशी मालावरचा जादा कर) आहे. ते बघून ‘अमेरिकेची आयात कोसळली’ असं लिहिणारे मी पाहिलेत, पण व्हिएतनाम, इंडोनेशियाचा कॉलम उघडून बघा ना, माल तिकडून यायला लागला. त्यात परत चिनी व्हिनियर (प्लायमधले लाकडाचे पातळ थर) वापरून व्हिएतनाममध्ये जोडलेलं प्लायही होतं, २०२३ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने ती पळवाट म्हणून धरली. त्यामुळे देशवार आकड्याच्या शेजारी एकूण आकडा ठेवायचाच.

वर्षाचंही बघा, जपानचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकन सरकारचं ऑक्टोबर ते सप्टेंबर. महिन्यांचा डाटा घेऊन जानेवारी-डिसेंबर स्वतः जुळवा.

आणि शून्य कोडवाली भानगड सुटली तरी एक अडचण राहते, अमेरिकेत घरांच्या भिंती-छपराला ओएसबी (लाकडाच्या चपट्या तुकड्यांचा दाबून केलेला बोर्ड) भरपूर लागतं आणि ते ४४१२ मध्ये नाहीच, ४४१० मध्ये आहे. घरबांधणीसाठी कुठला देश किती पॅनल आणतो हा तुमचा प्रश्न असेल तर नुसतं प्लाय मोजून उत्तर मिळणार नाही, ओएसबीची वेगळी रेघ त्याच ग्राफवर काढा.