पितळी पत्रा कापण्याआधी : १/३५ टायगरची तयारी

टायगर या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याच्या १/३५ प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या, प्लास्टिक मॉडेलचा डबा घरी आला की किट बाजूला राहतं आणि आपण ऑनलाइन दुकानं उघडून बसतो. धातूची बॅरल, धातूचे ट्रॅक (चाकांवरचे साखळी पट्टे), फोटोएचचा, म्हणजे बारीक भाग रसायनाने कोरलेला, पितळी पत्रा, रेझिनचं इंजिन, थ्रीडी प्रिंट केलेल्या क्लिपा. अर्ध्या तासात टोपलीतली रक्कम किटच्या किमतीच्या पुढे जाते. म्हणून तयारीच्या यादीत खरेदी बरीच खाली आहे. सर्वात वर आहे तारीख. कुठला रणगाडा, कुठल्या महिन्यातला, हे वहीत लिहून झाल्याशिवाय कार्ड बाहेर काढायचं नाही.

टायगर १ कासेलच्या हेन्शेल कारखान्यात ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ या दोन वर्षांत बनला, साधारण साडेतेराशे. एवढ्या काळात त्याच्यात बदल थांबलेच नाहीत. सुरुवातीला मागे फाइफेल एअर फिल्टर होते, ते १९४३ च्या शरदात गेले. ड्रमसारखा उंच कमांडर कपोला (छतावरची टेहळणीची घुमटी) १९४३ च्या मध्यात जाऊन बसका, पेरिस्कोपवाला आला. चिलखतावरचा झिमेरिटचा लेप (त्याबद्दल पुढे) त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस सुरू झाला. दोन दिव्यांचा एक दिवा झाला. ट्रॅकच्या कड्यांवर घसरू नये म्हणून उंचवटे आले. फेब्रुवारी १९४४ च्या सुमारास रबरी चाकं जाऊन पोलादी चाकं आली, ट्रॅक ताणून धरणारं मागचं आयडलर चाकही लहान झालं. मग तोफेच्या तोंडावरचा, धक्का कमी करणारा मझल ब्रेक हलका झाला. बाजारातला प्रत्येक अपग्रेड सेट यातल्या कुठल्या तरी एका टप्प्यासाठी असतो आणि पाकिटावर तो फक्त ‘अर्ली’, ‘मिड’, ‘लेट’ एवढ्यावर भागवतो. ‘लेट’मध्येही दोन-तीन पोटभेद लपलेले असतात.

उदाहरण म्हणून जून १९४४ च्या नॉर्मंडीतला टायगर घेऊ. तिथे आधीच्या, रबरी चाकांच्या गाड्याही होत्या, पण आपली गाडी त्या वसंतात कारखान्यातून निघालेली धरू. म्हणजे झिमेरिट हवं, पोलादी चाकं हवीत, बसका कपोला हवा. पण टरेटच्या, म्हणजे फिरत्या बुरुजाच्या, छतावर छोटी क्रेन बसवायच्या ज्या तीन खोबण्या काही सेटमध्ये मोठ्या हौसेने दिलेल्या असतात, त्या जून १९४४ पासूनच्या उत्पादनात आल्या. आपल्या गाडीला त्या नकोत. पाकिटात आहेत म्हणून चिकटवल्या, तर पैसे देऊन चूक विकत घेतल्यासारखं होतं.

यानंतर फोटो. शक्यतो एकाच गाडीचे, एकाच तुकडीचे, युद्धकाळातले. संग्रहालयातले फोटो जपून वापरायचे. इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनचा १३१ क्रमांकाचा टायगर चालू स्थितीतला म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचे जवळून काढलेले फोटो ढिगाने मिळतात. पण तो ट्युनिशियात एप्रिल १९४३ मध्ये हाती लागलेला, म्हणजे रबरी चाकांचा, झिमेरिट नसलेला. वेल्डिंगचे सांधे, बिजागऱ्या, हत्यारांच्या क्लिपा पाहायला उत्तम, आपल्या गाडीचा नमुना म्हणून निरुपयोगी. आपल्याकडच्यांनी एकदा अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये चक्कर टाकावी. तिथे टायगर नाही. पण शर्मन, व्हॅलेंटाइन, सेंच्युरियन यांच्या शेजारी उभं राहिलं की ओतीव पोलादाचा खरबरीतपणा आणि लाटलेल्या पत्र्याचा गुळगुळीतपणा यांतला फरक डोळ्यांत बसतो, आणि मडगार्डचा पत्रा खरोखर किती पातळ असतो तेही कळतं. फोटोत हे नीट कळत नाही.

आता किट. सगळे स्प्रू (भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवायचे, वाळवायचे आणि गोंद न लावता मोठे भाग जुळवून पाहायचे. मग सूचनापत्रकावर पेन्सिलने खुणा: हा भाग किटमधलाच चांगला, हा बदलायचा, हा रंगवल्यावर दिसणारच नाही. तिसरी खूण जितकी जास्त, तितका खिसा वाचतो.

बदलायचं काय, हे ठरवायला कॅलिपर आणि साधा गुणाकार पुरतो. किटमधल्या प्लास्टिकच्या मडगार्डची कड मोजा. अर्धा मिलीमीटर भरली तर पस्तीसने गुणल्यावर साडेसतरा मिलीमीटर होतात. इतक्या जाड पत्र्याचे मडगार्ड कोणी बनवत नाही. पितळी पत्रा ०.१५ मिलीमीटरचा धरला तर पाच मिलीमीटरच्या आसपास येतो, आणि नजरेला पटतो. उलट पुढचं मुख्य चिलखत १०० मिलीमीटरचं, म्हणजे आपल्या प्रमाणात जेमतेम २.९, ते प्लास्टिकमध्ये सहज जमतं, तिथे हात लावू नये. बॅरलही अशीच तपासायची. ८८ मिलीमीटरची, ५६ कॅलिबर लांबीची (नळीच्या आतल्या व्यासाच्या ५६ पट) तोफ म्हणजे ४,९२८ मिलीमीटर, पस्तीसने भागल्यावर १४१. मझल ब्रेक त्यापुढे, पण मागचा भाग टरेटच्या आत जातो, म्हणून बाहेर दिसणारी बॅरल याहून आखूड. नवी धातूची बॅरल हातात आली की पहिल्यांदा हे लक्षात ठेवून तिची लांबी आणि ब्रेक जुना मोठा की नवा लहान, एवढं बघायचं. (हा १/३५ आकडा आला कुठून, तर तामियाने पहिलं पँथर किट करताना आत मोटरच्या बॅटऱ्या मावाव्यात म्हणून. नंतर सगळं जग त्याच मापात रणगाडे बनवायला लागलं.)

माझ्या मते टायगरला चार गोष्टींवर खर्च करावा: इंजिनच्या छतावरच्या जाळ्या, मडगार्ड, ट्रॅक आणि झिमेरिट. जुन्या किटमध्ये जाळ्या नसतातच, आणि त्या जागी भोकं उघडी राहिली तर बाकी मेहनत वाया जाते. धातूची बॅरल हवी असेल तर घ्या, मात्र प्लास्टिकच्या दोन अर्धुकांचा सांधा नीट घासून घेतला तर तिच्यावाचून अडत नाही. झाकणं बंद ठेवणार असाल तर रेझिनचं इंजिन आणि संपूर्ण आतली सजावट विकत घेणं म्हणजे पैसे हलमध्ये (रणगाड्याच्या धडात) चिणून टाकणं. ओढायच्या दोरांसाठी घरातल्या वायरीतल्या तांब्याच्या तारा पीळ देऊन वापरा, किटमधल्या दोऱ्यासारखे त्यांना तंतू सुटत नाहीत. ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला फेव्हिकॉल.

हत्यारांच्या क्लिपांबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. फावडं, कुऱ्हाड, पहार यांना धरणारी जर्मन क्लिप आपल्या प्रमाणात तांदळाच्या दाण्याहून लहान असते आणि पितळी सेटमध्ये ती तीन तुकड्यांत येते: तळाची पट्टी, वाकवायची कमान, वरची मूठ. आधी किटमधल्या फावड्याच्या दांड्यावर ओतलेली ठोकळा क्लिप ११ नंबरच्या टोकदार पात्याने काढायची, दांडा पुन्हा गोल करायचा आणि मगच नवी बसवायची. अशा दहा-बारा. थ्रीडी प्रिंट केलेल्या एकसंध क्लिपा आता मिळतात आणि हातभर अंतरावरून दोन्हींत फरक दिसत नाही. मी प्रिंटच्याच घेतो. त्या ठिसूळ असतात, म्हणून प्रिंटसोबत आलेले आधार कापताना निपर क्लिपेच्या अंगाला न लावता आधाराच्या मध्यावर लावायचं आणि उरलेला खुंट बारीक पॉलिश पेपरने घासायचा.

ऑर्डर देताना सगळं एकाच दुकानातून मिळेल तर बरं. परदेशातून येणाऱ्या पार्सलला कस्टम ड्यूटीचे पैसे वेगळे काढून ठेवा, आणि ज्वलनशील रंग नि थिनर त्या पार्सलमध्ये धरू नका, ते विमानाने पाठवत नाहीत. ते इथेच शोधायचे. पाकीट आलं की उघडल्या उघडल्या पत्र्यावरचे क्रमांक आणि रेझिनचे तुकडे सूचनापत्रकाशी ताडून पाहा. कमी असलेला तुकडा दुकानदाराला पहिल्या आठवड्यात सांगता येतो, वर्षाने नाही.

टेबलावर काय हवं? टोकदार चिमटा एक, सपाट तोंडाचा एक. हातड्रिल, ०.३ पासून १ मिलीमीटरपर्यंतच्या सुया, आणि ०.५ च्या दोन जास्त, कारण त्याच तुटतात. नवी पाती. पत्रा वाकवायचं क्लॅम्प. नसेल तर दोन पोलादी पट्ट्यांत धरून वाकवता येतं. पत्रा कापायला काच किंवा उरलेली फरशी, कारण रबरी कटिंग मॅटवर पितळ खाली दबतं आणि तुकड्याची कड मुडपते. सुपरग्लू दोन प्रकारचा, पातळ आणि जेल, आणि तो थेट नळीतून न लावता सुईच्या टोकावर थेंब घेऊन लावायचा. अ‍ॅसिटोन फक्त धातूवर सांडलेला गोंद काढायला, प्लास्टिकला लागलं तर ते विरघळतं. मांडीवर पांढरी चादर, तिची दोन टोकं टेबलाच्या कडेला चिकटवलेली. चिमट्यातून उडालेला तुकडा चादरीत पडतो. फरशीवर गेलेला परत मिळत नाही, तो सकाळी केरात जातो.

पितळेची तयारी दोन तऱ्हेची असते. जिथे गोलाई द्यायची किंवा मडगार्ड ठेचलेलं दाखवायचं, तो तुकडा गॅसच्या ज्योतीवर काही क्षण धरून आपोआप थंड होऊ द्यायचा, मग तो मऊ पडतो. सरळ राहायला हवेत असे तुकडे तापवायचे नाहीत, नाहीतर ते बोट लागलं तरी वाकतात. सगळा पत्रा एकदम तापवणारे लोक आहेत, त्यांनी एकदा सरळ मडगार्ड बसवून पाहावं.

रेझिनला साच्याचं तेल लागलेलं असतं, ते साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासून काढायचं, नाहीतर रंग पापुद्रे धरतो. वाकलेला भाग गरम पाण्यात मऊ करून हाताने सरळ करायचा आणि गार पाण्यात धरायचा. कापणं-घासणं ओलं करायचं आणि तोंडाला एन-९५ मास्क लावूनच. रेझिनची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये. घरात लहान मूल असेल तर हे काम गॅलरीत, आणि नंतर ओल्या फडक्याने टेबल पुसून.

ट्रॅकला वेळ जातो, म्हणून ते आधी सुरू करावेत. एका बाजूला ९६ कड्या, दोन्ही मिळून १९२. प्रत्येक कडीचं भोक ०.५ च्या सुईने मोकळं करायचं, तार घालायची, टोक कापायचं, गोंदाचा टिपूस टाकायचा. रोज संध्याकाळी रेडिओ लावून वीस-पंचवीस झाल्या तरी भरपूर. पण सुरू करण्याआधी सात-आठ कड्या जोडून किटच्या दातेरी चाकावर बसवून पाहा. दात कडीत नीट शिरत नसतील तर ते आत्ता कळायला हवं. उंचवटे असलेल्याच कड्या आहेत ना, तेही आत्ताच पाहा. धातूचे ट्रॅक जड असतात, तेव्हा चाकांचे दांडे हलू न देता पक्के चिकटवायचे. काळं करणाऱ्या रसायनात बुडवण्याआधी ते व्हिनेगरने धुवायचे, हातमोजे घालून.

झिमेरिट म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावलेला लेप: बेरियम सल्फेट, लाकडाचा भुसा, पिवळी माती, आणि बांधायला पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट, म्हणजे आपल्या सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाच्या जातीतलंच. सारवलेल्या अंगणातल्या बोटांच्या रेषांसारख्या त्याच्या आडव्या रेषा हाताने काढलेल्या असत, त्यामुळे सगळीकडे सारख्या असलेल्या रेषा खोट्या वाटतात. पातळ स्टिकर, रेझिनचे तयार पत्रे किंवा एपॉक्सी पुट्टी, तिन्ही चालतात. पुट्टीने करणार असाल तर आधी भंगार हलवर सराव करा; घरदुरुस्तीचं एपॉक्सी कंपाउंड सरावाला पुरतं. क्रम महत्त्वाचा आहे: हलच्या कुशीवरचे दोरांचे आकडे आणि टरेटवरच्या जादा कड्यांचे हुक कुठे येतात तिथे आधी बारीक भोकं पाडायची, मग लेप, मग तो टणक झाल्यावर त्याच भोकांतून हुक. लेपावर नुसता गोंद लावून चिकटवलेला हुक रंगाच्या वेळी हातात येतो.

धातूची बॅरल बसवताना सुपरग्लूवर विसंबू नका, दोन नळ्यांचं अराल्डाइट लावा आणि रात्रभर आडवी टेकू देऊन ठेवा. वजनामुळे तोफ खाली झुकते, तेव्हा आतल्या खुंटीलाही अराल्डाइटचा एक थेंब.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, सुपरग्लूची नळी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवायची आणि स्प्रे प्रायमर मारायचाच नाही, उघडीप मिळेपर्यंत. दमट हवेत पांढरट जाळं धरतं. प्रायमर लॅकरचा असावा, आणि त्याआधी पितळावरचं बोटांचं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावं. चाकं, ट्रॅक, हत्यारं आणि दोर रंग होईपर्यंत वेगळेच ठेवायचे: हत्यारं दातकोरणीला टोचून, चाकं दुहेरी टेपवर, ट्रॅक सुटे. आणि पत्र्याच्या चौकटीत उरलेली पितळी पट्टी टाकून देऊ नका, पुढच्या किटचे कंस आणि पट्टे त्यातूनच कापायचे असतात.