जिआर्डिया: रेंगाळणारे जुलाब आणि घरातलं पाणी

इंदूरमध्ये पोट बिघडलं की पहिलं खापर सराफ्यातल्या, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातल्या, खाण्यावर फुटतं. पण जुलाब दहा-बारा दिवस रेंगाळलेत, ताप नाही, रक्त नाही आणि पोट मात्र सारखं फुगलेलं, असं असेल तर जिआर्डियाची शंका घ्यावी. या परजीवीची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण १ ते ३ आठवडे जातात. म्हणून काल काय खाल्लं यापेक्षा पंधरवड्यापूर्वी कुठलं पाणी प्यायलात ते आठवा.

शौच फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं आणि फार दुर्गंधी असतं. ढेकरांना सडक्या अंड्यांसारखा वास येतो. हा जीव लहान आतड्याच्या वरच्या भागात अस्तराला चिकटून बसतो, त्यामुळे अन्नातली चरबी नीट शोषली जात नाही. तो आतड्याला भोक पाडत नाही, म्हणून रक्त पडत नाही. रक्त किंवा आव पडत असेल, जोराचा ताप असेल, तर आजार वेगळा आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मूल मलूल झालं असेल किंवा सहा तासांत लघवी झाली नसेल तर अजिबात थांबू नका.

तपासणीत बहुतेकांची फसगत होते. जिआर्डियाच्या पुटी, म्हणजे कवचात बंद झालेलं त्याचं टिकाऊ रूप, शौचातून रोज पडत नाहीत. त्यामुळे एका नमुन्यात ‘काही आढळलं नाही’ असं आलं म्हणून विषय संपत नाही. एक दिवसाआड तीन नमुने द्या. डबी कोरडी, रुंद तोंडाची हवी. नमुन्यात लघवी किंवा संडासातलं पाणी मिसळू देऊ नका. शौच पातळ असेल तर नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवा, कारण त्यातले जिवंत परजीवी लवकर मरतात आणि मग ओळखू येत नाहीत. शौचातली परजीवीची प्रथिनं शोधणारी अँटिजेन चाचणी मिळाली तर ती जास्त भरवशाची.

औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्या. मोठ्यांना सहसा टिनिडाझोल २ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, जेवणासोबत एकदाच देतात. तीन वर्षांवरच्या मुलांना किलोमागे ५० मिलिग्रॅम, पण २ ग्रॅमच्या वर नाही. मेट्रोनिडाझोल दिलं तर ते दिवसातून तीनदा, ५ ते ७ दिवस चालतं. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, आणि दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं की लोक गोळ्या सोडून देतात. अर्धवट सोडलेला कोर्स हे आजार परतण्याचं मोठं कारण आहे. टिनिडाझोलनंतर तीन दिवस दारू पूर्ण बंद. गरोदर असाल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगा. दुकानातून आणलेल्या ऑफ्लॉक्सासिनच्या जोडगोळीतलं (एकाच गोळीत दोन औषधं) ऑफ्लॉक्सासिन हे जिवाणूंवरचं औषध आहे, ते इथे काही उपयोगाचं नाही.

सोबत ओआरएस (मीठ-साखरेचं पाणी, जलसंजीवनी): पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर ६ सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा.

आता पाणी, कारण ते तसंच राहिलं तर महिनाभरात पुन्हा औषध घ्यायची वेळ येईल. इंदूरला नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून शुद्ध होऊन येतं, तरी घोटाळा शेवटच्या टप्प्यात होऊ शकतो. नळाच्या लाइनला थेट टुल्लू पंप (पाणी ओढणारी छोटी मोटर) लावला की पाइपातला दाब उतरतो, आणि फुटक्या जोडातून आजूबाजूच्या गटाराचं पाणी आत खेचलं जातं. पंप लाइनला लावूच नका. नळाचं पाणी आधी जमिनीखालच्या हौदात पडू द्या आणि पंप तिथून वर चढवण्यापुरता वापरा. नळ आल्यावर पहिलं गढूळ पाणी सोडून द्या. मग हौद आणि वरची टाकी रिकामी करून घासा आणि कोरडी होऊ द्या. पुटी थंड, ओल्या जागी आठवडेच्या आठवडे तग धरतात, वाळल्या की मरतात.

हजार लिटरला २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडरचा जो हिशेब सांगतात, तो जिवाणूंसाठी ठीक आहे. जिआर्डियाची पुटी तेवढ्या क्लोरीनला दाद देत नाही. तुरटीने पाणी निवळतं, निर्धोक होत नाही. भरवसा उकळण्याचाच: खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट, मग झाकून गार. आरओ चालतो, पण त्याची टाकी आणि नळही धुवावा लागतो. माठात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी काढा, आणि संडासानंतर साबणानेच हात धुवा. या पुटींवर सॅनिटायझर भरवशाचं नाही.

औषधानंतरही दोन-तीन आठवडे पोट फुगत राहिलं, तर लगेच दुसरा कोर्स नको. आतड्याचं अस्तर भरून येईपर्यंत दूध पचत नाही, म्हणून दूध आणि दुधाचे गोड पदार्थ बंद करून बघा. ताक बहुतेकांना चालतं. तरीही फरक नसेल तर शौच पुन्हा तपासा. त्यात परजीवी निघाला तर घरातल्या सगळ्यांचे नमुने द्यावेत.