पहिला एफपीव्ही ड्रोन कसा निवडायचा: ठाणे आणि नवी मुंबईसाठी

एफपीव्ही म्हणजे ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये बघत उडवणं. त्यात कॅमेरा कुठला, गॉगल कुठला, या प्रश्नांच्या आधी एक आकडा पक्का करा: २५० ग्रॅम. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' वर्गात मोडतो. त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या मॉडेलला मिळणारी सरकारी मान्यता) लागत नाही, थर्ड पार्टी विम्याची सक्तीही नाही. त्यापुढे २ किलोपर्यंत 'मायक्रो'. मायक्रो ड्रोन निव्वळ हौसेसाठी उडवणार असाल तर प्रमाणपत्राशिवाय चालतं. पण घोडबंदर रोडवरच्या सॅम्पल फ्लॅटचा किंवा एखाद्या हॉलचा व्हिडिओ काढून त्याचे पैसे घेतलेत, की तो व्यवसाय झाला आणि मान्यताप्राप्त संस्थेतून प्रमाणपत्र घेणं आलं. म्हणून पुढेमागे शूटिंगची कामं घ्यायची असतील, तर वजनाचा काटा हीच पहिली खरेदी समजा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा किचनचा काटा पुरतो.

वजन कमी असलं तरी जागेचे नियम सुटत नाहीत. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडून आपली नेमकी जागा बघा. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचं नाही, पिवळ्या भागात एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी लागते, हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मुभा २०० फुटांवर येते. नवी मुंबईकरांनी जुन्या माहितीवर अजिबात विसंबू नये. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली आहेत. उलवे, पनवेल, बेलापूर, खारघर हा सगळा टापू त्याच्या आसपासचा आहे. वाशीसमोर खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. ठाण्यात येऊरच्या डोंगरावर आणि कोलशेतला वायुदलाची ठाणी आहेत, आणि येऊरला लागून राष्ट्रीय उद्यान. ऐरोलीकडची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. हिवाळ्यात पाणथळीवर उतरलेल्या थव्याजवळ ड्रोन नेला तर सगळा थवा चरणं सोडून उठतो. तिथे ड्रोन नेऊच नका. पोलीस आयुक्तालयांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात, तेव्हा उडवायच्या दिवशी तेही तपासा.

तिसरी गोष्ट आयातीची. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठीच सवलत आहे. सुटे भाग मात्र खुलेपणाने येतात. त्यामुळे 'परदेशी रेडी किट, सीलपॅक' म्हणून जे विकलं जातं, त्याचं बिल आणि वॉरंटी नीट विचारा. बिल नसेल तर घेऊ नका. आमचं स्पष्ट मत असं, की इथल्या नवशिक्याने सुटे भाग आणून जोडण्याची तयारी ठेवावी. एफपीव्हीत ड्रोन आपटणारच. ज्याला ड्रोनमधला सर्किट बोर्ड बदलता येतो, तो संध्याकाळी दुरुस्त करून पुन्हा उडवतो. ज्याला येत नाही, त्याचा ड्रोन कपाटात जातो.

आधी रेडिओ, मग सिम्युलेटर

पहिला मोठा खर्च रेडिओवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर करा. एक्स्प्रेसएलआरएस प्रोटोकॉलचा (रेडिओ आणि ड्रोनमधल्या संपर्काची पद्धत), २.४ गिगाहर्ट्झचा, एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ घ्या. रेडिओमास्टरचा पॉकेट लहान हातांना आणि सॅकमध्ये टाकायला बरा, बॉक्सर पूर्ण आकाराचा. ९१५ मेगाहर्ट्झवाले मॉडेल स्वस्त मिळालं तरी टाळा, ती फ्रिक्वेन्सी भारतात या कामासाठी मोकळी नाही. हातातल्या हालचालीवर चालणाऱ्या एकहाती कंट्रोलरनेही सुरुवात करू नका. त्यावर अ‍ॅक्रो मोडची (यात ड्रोन आपोआप सरळ होत नाही, कल हातानेच सांभाळावा लागतो) सवय लागत नाही, आणि एफपीव्हीची सगळी गंमत अ‍ॅक्रोतच आहे.

रेडिओ यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि व्हेलोसिड्रोन, लिफ्टऑफ किंवा अनक्रॅश्ड यांपैकी एका सिम्युलेटरवर पंधराएक तास घालवा. पहिल्या दिवसापासून अ‍ॅक्रो मोडच ठेवा. एकाच उंचीवर इंग्रजी आठचा आकडा सलग दहा वेळा काढता आला आणि ठरवलेल्या जागी उतरवता आलं, की पुढची खरेदी करा. पुढे आपटून मोडणारे प्रॉप (पाती) आणि मोटर यांच्या मानाने सिम्युलेटरची किंमत काहीच नाही.

गॉगल

गॉगल आणि ड्रोनवरचा व्हिडिओ ट्रान्समीटर एकाच सिस्टिमचे लागतात. डीजेआय, वॉकस्नेल, एचडीझीरो या वेगवेगळ्या डिजिटल सिस्टिम आहेत, अ‍ॅनालॉग ही जुनी साधी सिस्टिम: डीजेआयच्या गॉगलमध्ये वॉकस्नेल दिसत नाही, एचडीझीरो अ‍ॅनालॉग गॉगलमध्ये दिसत नाही. एका कंपनीच्या आतसुद्धा कुठला गॉगल कुठल्या एअर युनिटशी (ड्रोनवरचा कॅमेरा आणि ट्रान्समीटर) चालतो, ते पैसे देण्याआधी तपासा. ड्रोन बदलत राहतात, गॉगल चार-पाच वर्षं वापरात असतो. म्हणून इथली निवड पुढच्या सगळ्या ड्रोनना बांधून ठेवते.

निव्वळ उडवायला शिकायचं असेल तर अ‍ॅनालॉग. चित्र मुंग्यांचं, पण ट्रान्समीटर हलका आणि स्वस्त, सिग्नल जाताना आधी हळूहळू खराब होतो, त्यामुळे परत फिरायला वेळ मिळतो. शूटिंग करायचं असेल तर डीजेआयचं ओ४ किंवा ओ४ प्रो एअर युनिट. साधं ओ४ सव्वाआठ ग्रॅमचं, प्रो साधारण ३२ ग्रॅमचं, आणि दोन्हींत ४के रेकॉर्डिंग ड्रोनवरच होतं. वेगळा गोप्रो लावायची गरज उरत नाही, आणि २५० ग्रॅममध्ये राहायचं तर तो लावताही येत नाही, कारण तो एकटाच दीडशे ग्रॅमच्या आसपास आहे.

चष्मा असेल तर गॉगल डोळ्यांवर चढवून बघितल्याशिवाय घेऊ नका. काहींत नंबर फिरवून जुळवता येतो, काहींत चष्म्यासकट बसतो, काहींत दोन्ही नाही. सुरुवातीला मळमळतं, तेव्हा खुर्चीवर बसून दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या मारा.

कुठला ड्रोन

घरात, पार्किंगमध्ये, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये शिकायचं असेल तर टायनी हूप, म्हणजे पात्यांभोवती कडं असलेला चिमुकला ड्रोन. ६५ मिमीचा (मोटर ते मोटर तिरकं अंतर) हूप बॅटरीसकट तिशीच्या आसपास ग्रॅमचा, दोन बीएचकेच्या हॉलमध्ये फिरतो. ७५ मिमीचा थोडा जास्त दमाचा, मैदानात वारा पडलेला असताना चालतो. दोन्ही १ एस (एका सेलच्या) बॅटरीवर तीन ते पाच मिनिटं उडतात. भिंतीला आपटले तरी भिंतीचं आणि ड्रोनचं सहसा काही बिघडत नाही. पण बाल्कनीतून बाहेर काढू नका. विसाव्या मजल्यावरच्या वाऱ्याशी तीस ग्रॅम झुंजू शकत नाहीत.

शूटिंगसाठी दोन ते अडीच इंची (पात्यांचा व्यास) सिनेहूप. प्रॉपभोवती डक्ट (गोल कडं) असल्याने माणसांच्या जवळून, दारातून, जिन्यातून नेता येतो. २५० ग्रॅमचं गणित इथेच जमतं किंवा फसतं, म्हणून एकदा कागदावर मांडा. डक्टसकट फ्रेम ४५ ग्रॅम, १४०४ आकाराच्या चार मोटर ३८, एआयओ (सगळी सर्किटं एकत्र असलेला) बोर्ड १०, ओ४ प्रो ३२, प्रॉप ६, रिसीव्हर २, वायर-कनेक्टर-कपॅसिटर-स्क्रू १५. झाले १४८. त्यावर ४ एस ६५० एमएएचची बॅटरी ७८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २२६. इथपर्यंत छान. पण 'अजून दोन मिनिटं मिळतील' म्हणून ८५० एमएएचची, साधारण १०० ग्रॅमची बॅटरी लावली की २४८, आणि वर एनडी फिल्टर (लेन्सवरची उजेड कमी करणारी काच) आणि बॅटरीचा पट्टा चढला की मर्यादा ओलांडली. कंपनीने छापलेलं वजन पुष्कळदा बॅटरीशिवायचं असतं, हे लक्षात ठेवा. डक्टची दुसरी बाजूही आहे: उघड्यावर वारा त्यांना ढकलतो, आणि सरळ खाली उतरताना ड्रोन स्वतःच्याच हवेत थरथरतो. उतरताना थोडा पुढे सरकत उतरवा.

तीन-साडेतीन इंची सिनेहूप पूर्ण गोप्रो उचलतात, पण ते मायक्रो वर्गात जातात. पाच इंची ड्रोन ६ एस बॅटरीवर ताशी शंभर किलोमीटर सहज ओलांडतो आणि त्याचे उघडे प्रॉप बोट कापतात. ठाण्या-नवी मुंबईत इमारतींच्या गर्दीत पहिला ड्रोन म्हणून तो घेऊ नका.

आमची शिफारस: शिकायला ७५ मिमीचा अ‍ॅनालॉग हूप, आणि हात बसल्यावर ओ४ प्रोचा अडीच इंची. बजेट एकाच ड्रोनचं असेल आणि शूटिंग हाच हेतू असेल, तर सिम्युलेटरचे तास दुप्पट करून थेट दुसरा.

बॅटरी आणि चार्जर

हूपसाठी सहा ते आठ बॅटऱ्या घ्या: ६५ मिमीला ३०० एमएएच, ७५ ला ४५० किंवा ५५०. कनेक्टर बघून घ्या. बीटी २.० आणि ए३० एकमेकांत बसत नाहीत, आणि जुन्या पीएच २.० मध्ये थ्रॉटल (मोटरला जोर) देताच व्होल्टेज कोसळतं. एचव्ही (हाय व्होल्टेज) लिहिलेली बॅटरी प्रतिसेल ४.३५ व्होल्टपर्यंत भरते, साधी लायपो (लिथियम पॉलिमर) ४.२० पर्यंतच. साध्या बॅटरीवर एचव्ही मोड लावला तर ती फुगते, पेटूही शकते. चार्ज १ सीने (क्षमतेइतक्याच करंटने) करा, म्हणजे ६५० एमएएचला ०.६५ अँपियर, बॅलन्स लीड (प्रत्येक सेलची वेगळी वायर) लावून, फरशीवर, समोर बसून. झोपताना लावून ठेवायची नाही. उडताना प्रतिसेल ३.५ दिसलं की उतरा. दोन दिवसांहून जास्त ठेवायची असेल तर ३.८ वर आणून ठेवा.

सोल्डर, हीटश्रिंक, एक्सटी३० कनेक्टर, मल्टिमीटर यांसाठी ग्रँट रोडचं लॅमिंग्टन रोड गाठा. सोल्डर ६३/३७ कथील-शिशाचं घ्या. सोबत स्मोक स्टॉपर (शॉर्ट असेल तर करंट अडवणारं साधन) घ्याच.

पहिल्यांदा चालू करताना

प्रॉप काढून ठेवा. व्हिडिओ ट्रान्समीटरला अँटेना लावल्याशिवाय बॅटरी जोडू नका, तो जळतो. टेबलावर ठेवून बेटाफ्लाइटची (ड्रोनच्या बोर्डावरचं सॉफ्टवेअर) सेटिंग करताना ट्रान्समीटरवर छोटा पंखा सोडा, कारण त्याला थंड ठेवायला उडतानाच्या हवेचा भरवसा असतो. पहिली जोडणी स्मोक स्टॉपरमधूनच, म्हणजे उलटी वायर लागली असेल तर बोर्ड वाचतो. मोटरचे स्क्रू किती आत जातात ते डोळ्यांनी बघा. अर्धा मिलिमीटर लांब स्क्रू वाइंडिंगला टेकला की मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) दोन्ही जातात.

रेडिओ बाइंड होत नसेल (ड्रोनशी जोडला जात नसेल) तर आधी एक्स्प्रेसएलआरएसची आवृत्ती जुळवा. एका बाजूला २ आणि दुसरीकडे ३ असेल तर कितीही वेळा बटण दाबलं तरी जमणार नाही. मग दोन्हीकडचा बाइंडिंग फ्रेज (जोडणीचा परवलीचा शब्द) एकच आहे का ते बघा. आर्म करताच (मोटर चालू करताच) ड्रोन उलटला, तर मोटरची दिशा किंवा प्रॉप चुकले आहेत: प्रॉपची उंच कड फिरण्याच्या दिशेने पुढे हवी. शेवटी फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेला की मोटर बंद होतात का, ते तपासा. प्रॉप पुन्हा काढून आर्म करून थ्रॉटल द्या आणि रेडिओ बंद करा. मोटर लगेच थांबल्या नाहीत तर ड्रोन घराबाहेर न्यायचा नाही.

उडवताना शेजारी गॉगल नसलेला एक माणूस उभा करा. समोरून कोण येतंय ते त्यालाच दिसतं.

शूटिंगची सेटिंग

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. घरातल्या दिव्यांत ३० फ्रेम आणि १/६० शटर ठेवलं की चित्रावर पट्टे सरकतात. म्हणून इनडोअरला ५० फ्रेम आणि १/१०० शटर. बाहेर उन्हात एनडी ८ किंवा १६. जायरोफ्लो या मोफत सॉफ्टवेअरने नंतर स्थिर करायचं असेल तर कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बंद ठेवा आणि बाहेर शटर १/२०० च्या आसपास न्या. शटर मंद ठेवलं तर स्थिर केलेल्या चित्रात धूसरपणाचे झटके उरतात. कॅमेऱ्याचा कोन इनडोअरला १० ते १५ अंश पुरे.

टॉवरमध्ये लिफ्टभोवतीच्या जाड काँक्रीटपुढे ५.८ गिगाहर्ट्झचा सिग्नल टिकत नाही. शूटचा मार्ग आधी चालून बघा आणि मार्गाच्या मध्यावर बसा, दारात नाही.

खाडीची खारट हवा आणि आपला पावसाळा बोर्डांना खातात. जोडणी पूर्ण झाल्यावर बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचा (ओलावा रोखणारं लाखेसारखं आवरण) पातळ हात द्या. यूएसबी पोर्ट, बटण आणि बॅरोमीटर मात्र झाकू नका. जूनमध्ये ड्रोन सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, बॅटऱ्या वेगळ्या, आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्यांचं व्होल्टेज बघा.