मृगाचा पाऊस लागताच ऑर्किडवरची दुसरी जाळी काढावी

एप्रिलमध्ये पारा 42-43 अंशांवर गेला की नागपूर, वर्धा, भंडारा भागातील शेडनेटमध्ये ऑर्किडवर 50 टक्के सावली देणाऱ्या जाळीखाली तशीच दुसरी जाळी ओढली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु मृगाचा पाऊस पडल्यावर पेरणीच्या धावपळीत ती जाळी विसरली जाते आणि थेट पोळ्यापर्यंत तशीच राहते. डेंड्रोबियम या ऑर्किडची जी लागवड मी वाया गेलेली पाहिली, तिच्यापैकी बहुतेक ठिकाणी कूज नंतर आली होती. आधी ही जाळी राहून गेली होती.

मे महिन्यात भर दुपारी बाहेर सुमारे 1,00,000 लक्स प्रकाश असतो. दोन जाळ्यांतून त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे 25,000 लक्स, झाडापर्यंत पोचतो आणि डेंड्रोबियमला तो पुरतो. झडीच्या दिवशी मात्र बाहेरच 10,000 ते 15,000 लक्स असतो, त्यामुळे दुहेरी जाळीखाली 4,000 लक्सही उरत नाही.

फॅलेनॉप्सिस, व्हँडा आणि जाड पानांची अनेक डेंड्रोबियम ही झाडे कमीअधिक प्रमाणात रात्री पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, तो आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून, उजेडाच्या बळावर त्याची साखर करतात. आपल्या परसातील पानफुटीही हेच करते; तिचे पान सकाळी आंबट आणि दुपारनंतर बेचव लागते, हे भारतात राहणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी दोनशे वर्षांपूर्वी चाखून नोंदवले होते. ऑन्सिडियमसारखी पातळ पानांची ऑर्किडे मात्र हा वायू दिवसाच घेतात.

आपल्याकडे मेच्या रात्री उष्ण आणि कोरड्या असतात, रंध्रे नीट उघडत नाहीत आणि झाड कसेबसे तग धरते. पावसाळ्यातील दमट, 24-25 अंशांच्या रात्री हीच त्याची खरी कमाईची वेळ आहे. रात्री वायू पकडण्यासाठी लागणारा कच्चा माल मात्र दिवसा तयार झालेल्या पिष्टातून येतो. दिवस अंधारात गेला तर रात्रीचे शोषणही घटते. म्हणून तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईत फुलांचे दांडे हवे असतील, तर त्यांची शिदोरी जून ते सप्टेंबरमध्येच बांधली गेली पाहिजे.

अशा वेळी फुले येत नाहीत म्हणून कृषी केंद्रातून कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर किंवा ‘कार्बन’ देणारी महागडी भुकटी गळ्यात मारली जाते. चहूबाजूंनी उघड्या शेडनेटमध्ये सोडलेला वायू वाऱ्याबरोबर निघून जातो, आणि दिवसा सोडला तर या झाडांची रंध्रे बहुतेक वेळ मिटलेलीच असतात. ज्या घटकाची सर्वांत जास्त टंचाई असते तोच प्रकाशसंश्लेषणाचा वेग अडवून धरतो, हे वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी 1905 मध्ये मांडले आहे. पावसाळ्यात आपल्याकडे टंचाई उजेडाची असते, आणि हवेतील सुमारे 420 पीपीएम (दहा लाख भागांत 420 भाग) वायू फुकट मिळतो. त्यासाठी संध्याकाळी बाजूचे पडदे बंद न करता वरच गुंडाळलेले ठेवावेत.

जाळी एकदम काढू नये. ढगाळ दिवशी, संध्याकाळी अर्धी सरकवावी आणि पाच-सहा दिवसांनी उरलेली. पान पालकासारखे गडद आणि लुळे दिसले तर उजेड कमी आहे. पोपटी आणि ताठ असेल तर ठीक आहे. दुपारी हाताला गरम लागले तर जास्त आहे. ही माझी हाताची परीक्षा आहे, पण मोबाइलवरील लक्समापकापेक्षा मला तीच अधिक भरवशाची वाटते. फॅलेनॉप्सिसला 10,000 ते 15,000 लक्स पुरतात, म्हणून त्याच्यावरची दुसरी जाळी दोरीवर सरकती ठेवावी आणि ऊन उघडताच ओढावी.

इतर कामे:
- वरच्या जाळीवरची उन्हाळ्यातील धूळ धुणे
- पाणी सकाळी देणे, शेंड्यात साचू न देणे
- 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश) खत, 1 ग्रॅम प्रति लिटर, आठवड्यातून एकदा
- कुजलेल्या नारळाच्या सोडणाचे तुकडे बदलणे
- गोगलगायी रात्री वेचणे

काळी कूज दिसल्यास तो भाग निर्जंतुक पात्याने कापावा आणि मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मिश्रण 2 ग्रॅम प्रति लिटर फवारावे. दुकानदार ताम्रयुक्त औषध पुढे करील, परंतु तांब्याने डेंड्रोबियमची पाने आणि कळ्या करपतात, म्हणून ते घेऊ नये. आणि फवारा मारण्यापूर्वी वर पाहावे. दुसरी जाळी अजून ताणलेली असेल, तर आधी ती सोडावी.