जुनी पण कमी चाललेली कार: अधिकृत सर्व्हिस सेंटरचे एस्टिमेट कसे वाचावे

आठ-दहा वर्षांची झालेली आणि वर्षाला जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर चालणारी कार अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली, की हातात पडणारे एस्टिमेट पुष्कळदा चक्रावून टाकणारे असते. गाडी फारशी वापरलीच नाही, मग एवढी कामे निघाली कुठून, हा मालकाला पडणारा प्रश्न रास्त आहे. मात्र सगळीच कामे फुगवलेली असतात असे नाही, आणि कंपनीच्या माणसाने लिहिली म्हणून ती सगळी करायलाच हवीत असेही नाही. कारचे काही भाग किलोमीटरने झिजतात, काही नुसत्या काळाने खराब होतात आणि एस्टिमेटमधल्या काही ओळींचा या दोहोंशीही संबंध नसतो. ही विभागणी स्वतः करता आली, तर कोणत्या कामाला होकार द्यायचा, कोणते पुढे ढकलायचे आणि कोणते नाकारायचे हे काउंटरवर उभ्या उभ्या ठरवता येते.

सुरुवात गाडीसोबत मिळालेल्या मॅन्युअलपासून करावी. ते हरवले असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळते. त्यातल्या देखभालीच्या तक्त्यात प्रत्येक कामापुढे साधारणपणे दोन आकडे असतात, एक किलोमीटरचा आणि एक महिन्यांचा, आणि "यांपैकी जे आधी होईल ते" अशी अट असते. कमी चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत महिन्यांचा आकडाच नेहमी आधी येतो. मात्र काही कामांपुढे फक्त किलोमीटर दिलेले असतात, आणि खर्चाचा घोळ होतो तो नेमका इथे. समजा, गाडी आठ वर्षांची आहे, चालली आहे 32,000 किलोमीटर आणि कंपनीचा नियम दर 10,000 किलोमीटरला किंवा वर्षाला एक सर्व्हिस असा आहे. सेंटरचा संगणक ही आठवी सर्व्हिस धरतो आणि आठव्या सर्व्हिसचे, म्हणजे 80,000 किलोमीटर चाललेल्या गाडीचे पॅकेज पुढे करतो. त्यात स्पार्क प्लग, इंधन फिल्टर, गिअर ऑइल अशी कामे आपोआप येतात. इरिडियमचे प्लग अनेक गाड्यांत 1,00,000 किलोमीटरपर्यंत चालतात. मॅन्युअलमध्ये वर्षांची मर्यादा दिलेली नसेल, तर 32,000 वर ते बदलण्याचे काही कारण नाही. म्हणून पॅकेजला सरसकट होकार न देता त्यातली कामे सुटी करून मागावीत आणि प्रत्येक ओळ तक्त्याशी ताडून पाहावी.

काळाने खराब होणारे भाग

या कामांत काटकसर करू नये. कमी चालणाऱ्या गाडीचे खरे नुकसान इथेच होते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

इंजिन ऑइलचेच पाहा. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर पडते, पण थोडी वाफ पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन पुरेसे तापले तर ती उडून जाते. दोन-तीन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली तर ती तिथेच पाणी होऊन राहते आणि न जळलेले इंधनही तिच्यासोबत ऑइलमध्ये मिसळते. बोनेट उघडून ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहावे. आतल्या बाजूला फिकट, मलईसारखा थर दिसला, तर गाडी फारच लहान फेऱ्यांसाठी वापरली जाते आहे असे समजावे. त्याबरोबरच कूलंटची पातळीही वरचेवर खाली जात असेल, तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधले सील) तपासून घ्यावे लागते. या सगळ्यामुळे वर्षाला 3,000 किलोमीटरच झाले तरी ऑइल आणि ऑइल फिल्टर वर्षातून एकदा बदलावेत. ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचेच घ्यावे; त्याहून महागडे ऑइल सुचवले गेले तर त्याने मुदत वाढते का, असे विचारावे. वर्षाला बदलायचेच असेल, तर जास्त किलोमीटर टिकणाऱ्या ऑइलचा फायदा या गाडीला मिळतच नाही. बिलात किती लिटर लावले आहे तेही पाहावे, कारण इंजिनात किती ऑइल मावते हे मॅन्युअलमध्ये छापलेले असते.

ब्रेक ऑइलची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि नेमके हेच काम लोक टाळतात. हे द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेते, गाडी चालो वा न चालो. डॉट 4 दर्जाच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की किमान मर्यादा 155 अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यावर द्रव उकळले, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल खाली जाते आणि ब्रेक लागत नाही. शिवाय हेच पाणी एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, महागड्या युनिटला आतून गंज चढवते. अनेक कंपन्या दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात आणि मला तो सल्ला योग्य वाटतो. कूलंटमधली गंजरोधक रसायनेही काळाने संपतात, पण त्याची मुदत मोठी असते, बहुधा पाच वर्षे किंवा अधिक. त्यामुळे दरवर्षी कूलंट बदलण्याची सूचना आली, तर तक्ता दाखवून नकार द्यावा.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखायला इंजिनला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे आधीच विचारून ठेवावे. चेन असेल तर ठरावीक मुदतीने ती बदलण्याचा प्रश्न सहसा येत नाही. बेल्ट असेल तर किलोमीटर कितीही कमी असोत, वर्षांची मर्यादा पाळलीच पाहिजे, कारण रबर वयाने कडक होते, त्याला चिरा पडतात, आणि तो बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिन उघडण्याची वेळ येते. एस्टिमेटमधली ही सगळ्यांत मोठी ओळ असू शकते आणि तरीही ती न्याय्य असते. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तो त्याच वेळी बदलून घ्यावा. नंतर तो गळू लागला तर उघडझापीची तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून ते चांगले, असे कमी चाललेल्या गाडीत धरू नये. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2316 लिहिले असेल तर तो टायर 2016 सालच्या 23व्या आठवड्यात तयार झाला आहे. पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी बारकाईने तपासावेत आणि दहा वर्षे झालेले टायर, स्टेपनीसकट, दिसायला कसेही असले तरी काढावेत. हे आकडे घरीच वाचता येतात, आणि नवे टायर घेतानाही ते जरूर वाचावेत.

बॅटरी उभ्या गाडीतही हळूहळू उतरत राहते. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी साध्या मल्टिमीटरने मोजल्यास पूर्ण चार्ज झालेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे ती जवळपास निम्मी उतरली आहे. हे मोजून जाण्याचा आणखी एक उपयोग आहे. बॅटरी कमजोर असली की आधुनिक गाडीच्या डॅशबोर्डवर एकमेकांशी संबंध नसलेले दिवे लागतात, स्कॅनरवर बिघाडाचे चार-पाच कोड येतात आणि मग सेन्सर बदलण्याची यादी तयार होते. बिघाड कुठे शोधावा एवढेच कोड सांगतो, कोणता भाग बदलावा ते नव्हे. म्हणून आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून किंवा बदलून, कोड पुसून, ते पुन्हा येतात का हे पाहायला सांगावे आणि मगच सेन्सरला मंजुरी द्यावी.

किलोमीटरने झिजणारे भाग

ब्रेक पॅड, क्लच, सस्पेन्शन, व्हील बेअरिंग हे भाग मुख्यतः वापराने झिजतात, त्यामुळे इथे पुरावा मागण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे. पॅड बदलायला हवेत असे सांगितले गेले, तर किती मिलिमीटर शिल्लक आहेत ते विचारावे. नवे पॅड साधारण 10 ते 12 मिलिमीटरचे असतात आणि 3 मिलिमीटरच्या आसपास आले की बदलतात. 7 मिलिमीटर शिल्लक असलेले पॅड ही गाडी अजून कित्येक वर्षे वापरू शकते. डिस्कवर दिसणारा तांबूस गंज चार-सहा वेळा ब्रेक दाबले की निघून जातो, मात्र खड्डे पाडणारा खोल गंज असेल तर डिस्क बदलावी लागते. एक अपवाद लक्षात ठेवावा. उभ्या राहणाऱ्या गाडीत कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना आणि हँडब्रेकची यंत्रणा जाम होते, म्हणून ब्रेक उघडून साफ करणे आणि पिनांना ग्रीस लावणे ही ओळ दिसायला फालतू वाटली, तरी या गाडीला ती वर्षा-दोन वर्षांतून उपयोगाची आहे.

दोन्हींत न बसणाऱ्या ओळी

इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, डिकार्बनायझिंग, इंधनात टाकायची बाटली, एसीचे निर्जंतुकीकरण, इंजिनला चमक आणणारा फवारा: मॅन्युअलच्या तक्त्यात यांतले बहुधा काहीच नसते. इंजिन अडखळत असेल, आयडलिंग (उभ्या गाडीतली इंजिनाची गती) वर-खाली होत असेल, एसीला वास येत असेल तर त्या त्या तक्रारीचा उपाय म्हणून ते करावे. तक्रार नसताना दर सर्व्हिसला करणे म्हणजे निव्वळ खर्च. व्हील अलाइनमेंटचेही तसेच आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल, स्टिअरिंग तिरके राहत असेल, टायर एका कडेने झिजत असेल किंवा मोठा खड्डा लागला असेल तर ती हवी, एरवी नको.

मजुरी, सुटे भाग आणि ठिकाण

अधिकृत सेंटरमध्ये मजुरी बहुधा प्रत्येक कामाला ठरवून दिलेला वेळ गुणिले तासाचा दर अशी लागते. मेकॅनिकला प्रत्यक्षात किती वेळ लागला याच्याशी तिचा फारसा संबंध नसतो. त्यामुळे ब्रेक तपासणी, पिनांचे ग्रीसिंग आणि टायरची अदलाबदल या तीन ओळींत चाके काढण्याची मजुरी तीनदा लागलेली असू शकते. ती एकदाच लावावी असे नम्रपणे पण स्पष्ट सांगावे. जुन्या गाड्यांसाठी काही कंपन्या मजुरीवर सवलत किंवा स्वस्त पर्यायी सुटे भाग ठेवतात. ते विचारल्याशिवाय सांगितले जाईलच असे नाही. फिल्टर, प्लग, पॅड यांसारखे भाग बॉश, माहले, मान यांसारखे उत्पादक कार कंपन्यांनाही पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही विकतात, त्यामुळे चांगल्या दर्जाचा भाग कंपनीच्या खोक्यातच मिळतो असे नाही.

वॉरंटी संपलेल्या गाडीचे ऑइल, फिल्टर, पॅड, बॅटरी आणि टायर यांसाठी विश्वासू स्वतंत्र गॅरेज पुरेसे आहे. एअरबॅग, एबीएस, किल्लीचे प्रोग्रामिंग, सॉफ्टवेअर आणि रिकॉल (दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणे) यांसाठी मात्र अधिकृत सेंटरच गाठावे. सुरक्षेसंबंधी रिकॉलचे काम सहसा विनामूल्य असते, त्याला वॉरंटी लागत नाही, आणि गाडीचा 17 अक्षर-अंकांचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून ते बाकी आहे का हे घरबसल्या कळू शकते. वर्षातून एकदा ते पाहावेच.

काउंटरवर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला प्रत्येक सुचवलेल्या कामाबद्दल एकच प्रश्न विचारावा: "हे काम किलोमीटरमुळे सुचवले आहे, वर्षांमुळे, की तपासणीत काही दिसले म्हणून?" पहिल्या दोन उत्तरांवर तक्ता उघडावा. तिसऱ्या उत्तरावर गाडी लिफ्टवर असतानाच तो भाग दाखवायला सांगावे, किंवा फोटो आणि मोजमाप मागावे. समोरचा माणूस प्रामाणिक असेल तर त्याला याचा राग येत नाही, उलट समजावून सांगण्यात तो वेळ घालवतो, आणि असा अ‍ॅडव्हायझर भेटला तर पुढच्या वेळीही त्याचीच वेळ घ्यावी. मंजूर केलेली कामे आणि त्यांची रक्कम जॉब कार्डवर लिहून घ्यावी, मला विचारल्याशिवाय जादा काम करू नये असे त्यावर नमूद करावे, आणि काढलेले जुने भाग परत हवेत हे गाडी सोपवतानाच सांगावे. गाडी तयार झाल्यावर सांगून उपयोग नसतो.

गाडी ताब्यात घेताना पैसे देण्याआधी डिपस्टिक काढून ऑइलचा रंग आणि पातळी पाहावी, ब्रेक ऑइल बदलल्याची ओळ बिलात असेल तर टाकीतले द्रव स्वच्छ आणि फिकट दिसते का ते पाहावे, आणि जुने भाग मोजून घ्यावेत. मग सर्व्हिस पुस्तिकेत किलोमीटरबरोबर तारीखही लिहावी आणि ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरी, टायर व असल्यास टायमिंग बेल्ट यांची पुढची मुदत महिना आणि सालासह टिपून ठेवावी, म्हणजे पुढच्या एस्टिमेटच्या वेळी सेंटरच्या संगणकाऐवजी ही नोंद समोर ठेवता येईल.