तळ्यात उतरण्याआधी वारा कुठे जातोय ते बघा

मे महिन्याच्या सुट्टीत मी गोव्यातल्या डिचोली भागात गावच्या तळीवर मुलांना पोहायला शिकवतो. पालकांची पहिली चौकशी खोलीची असते. ती हवीच. पण एप्रिल-मेमध्ये पाणी आटलेलं, तापलेलं असतं, हलत नाही, आणि वरच्या शेतांतलं खत नि घरांचं सांडपाणी त्यातच उतरलेलं असतं. अशा पाण्यात सायनोबॅक्टेरिया फोफावतात. आपण सरसकट शेवाळ म्हणतो, पण हे जीवाणू, आणि त्यांतले काही विष तयार करतात. मायक्रोसिस्टिन यकृताला धरतं, ॲनाटॉक्सिन मज्जासंस्थेला.

शक्यतो सकाळी जा. रात्रभर वारा पडलेला असतो, तवंग वर आलेला दिसतो. मग काठाने पूर्ण फेरी मारा आणि वारा ज्या काठाला लागतो तिथे थांबून बघा, कारण सगळी घाण तिथे साचते. दुपारी आपल्याकडे वारा समुद्रावरून येतो, म्हणजे बहुधा पूर्वेचा काठ. पायऱ्या नेमक्या त्याच बाजूला असल्या तर मुलांना तिथून उतरवू नका.

काय शोधायचं? पोपटी ऑइलपेंट सांडल्यासारखा थर. कधी त्यात निळसर रेघा, काठाला सुकलेली निळी-पांढरी कड, कुजका वास. लांब काठी घालून उचला. हिरवे धागे लोंबले तर ते साधं शेवाळ. काठीला नुसता रंग माखला तर सावध. सुट्या बारीक पानांचा थर असेल तर ती पाणवनस्पती, तिचा या प्रकरणाशी संबंध नाही.

शंका राहिली तर लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्या. हातात प्लास्टिकची पिशवी घालून पृष्ठभागाच्या जरा खालून पाऊण बरणी पाणी भरा, फ्रिजमध्ये रात्रभर न हलवता ठेवा. (घरच्यांना सांगून ठेवा, आमच्याकडे एकदा ते पन्ह्याशेजारी होतं.) सकाळी हिरवं तळाला बसलं असेल तर बहुधा काळजी नाही. वर तरंगून काचेला हिरवी कड धरली असेल तर त्या तळीला सुट्टी द्या. विष आहे की नाही हे बरणी सांगत नाही, ते प्रयोगशाळेचं काम. रंगावरूनही कळत नाही, आणि थर विरला तरी विष काही दिवस पाण्यात राहू शकतं.

चुकून उतरलात तर लगेच नळाच्या पाण्याने साबण लावून अंघोळ, कपडे वेगळे धुवायचे. अंगाला खाज, डोळे लाल, घसा खवखवणं, उलटी, जुलाब हे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांतही येतं. डॉक्टरांना ‘हिरव्या पाण्यात पोहलो’ हे आपणहून सांगा, नाहीतर पोट बिघडलं म्हणून गोळ्या मिळतात. धाप लागली, अशक्तपणा आला, गुंगी आली तर थेट 108. मुलांना धोका जास्त: वजन कमी आणि पाणी गिळतात भरपूर. कुत्रा तर अंगावरचा थर चाटतो, थरथरायला लागला की थोड्या वेळात मरूही शकतो. त्याला आधी धुवा, चाटू देऊ नका, मग पशुवैद्याकडे न्या.

पाणी उकळून विष जात नाही. तळीत ब्लीचिंग पावडर किंवा मोरचूद टाकण्याचा उत्साह तर नकोच: पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात येतं.

समुद्राचं गणित निराळं. पावसाळ्याआधी आपल्या किनाऱ्यापुढे ट्रायकोडेस्मियम या समुद्री सायनोबॅक्टेरियाचे तांबूस-तपकिरी पट्टे येतात, त्यात पोहू नका. रात्री लाटा निळ्या चमकल्या की गर्दी होते. ते बहुधा नॉक्टिल्युका, म्हणजे चमकणारा सूक्ष्म एकपेशीय जीव असतो. तो स्वतः विष तयार करत नाही, पण दाट थरात अमोनिया असतो. बाहेरून बघा.

पाण्याचा रंग बदललेला असेल त्या दिवसांत तिसऱ्या, खुबे, शिणाण्या मात्र काढून खाऊ नका. हे शिंपले पाणी गाळून विष साठवतात आणि शिजवून ते जात नाही. 1983 साली मंगळूर परिसरात असे शिंपले खाऊन लोक आजारी पडले होते. खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर वाटली तर सकाळची वाट न बघता इस्पितळ गाठा.